मिठाचा हात

पेडगावात लग्न निघालं की वरणाचा हंडा दुसऱ्या बाया चढवायच्या, पण मीठ टाकायला सारजाबाईलाच बोलावणं जायचं. ती यायची, पदर खोचायची, मूठभर मीठ घेऊन हंड्यावरून हात फिरवायची आणि चव न बघताच निघून जायची. दोनशे माणसं जेवून उठायची, पण मीठ कमी म्हणायला कुणाचं तोंड उघडायचं नाही. पंगतीतून नवरा, आसाराम, टेसनापर्यंत जाईल अशा आवाजात सांगायचा, "हे मीठ आमच्या घरचं हाय बरं का."

आसाराम लालबुंद गडी. गाव म्हणायचं, काय तब्येत हाय. मान ठणकायची, कान वाजायचे, त्याची चर्चा कोण करतो? निझामशाहीतलं फसली तेराशे पन्नास साल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे एक्केचाळीसच्या आसपास. खळ्यावर मळणी चालू होती आणि त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. धोतराचा सोगा भिजला तरी थांबेना. सारजानं त्याला गाडीत घातलं आणि परभणीचा दवाखाना गाठला.

डॉक्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला आणि रबरी गोळा दाबत काचेच्या नळीत पारा चढवला. पारा चढत गेला तसं त्याचं बोलणं कमी होत गेलं.

"खून का जोर है. इसकी दवा मेरे पास नहीं. नमक बंद. एक दाना नहीं. वरना दिमाग की रग फटेगी."

बन्सीधर कंपाउंडरनं मराठीत सांगितलं, "मामा, मीठ बंद. खडासुद्धा न्हाई. न्हाईतर डोक्यातली शीर फुटंल."

परतीच्या वाटेवर आसाराम नाकात बोलून डॉक्टरची नक्कल करत होता. बैलांना म्हणाला, "नमक बंद, एक दाना नहीं." सारजा तोंडाला पदर लावून हसली.

त्याच दिवशी तिनं अळणी वरण आणि अळणी भाकरी वाढली. सासू बायनाबाईनं ताटाला बोट लावून चाखलं.

"सारजे, घरात कोण मेलंय?"

"आत्याबाई, डाक्टरनं..."

"अळणी सुतकात खात्यात. जित्या लेकापुढं सुतकाचं ताट? आधी मला मसणात पोचव, मग वाढ."

आसाराम मान खाली घालून बसला. आईपुढं त्याचा आवाज कधी टेसनापर्यंत जात नसे.

सारजा दोन दिवस विचारात होती. तिसऱ्या दिवशी एकादशी आली आणि तिनं शेंदेलोणाचा लाकडी डबा काढला. उपवासाला मीठ चालत नाही, शेंदेलोण चालतं. म्हणजे ते मीठ नव्हेच. जन्मात त्याला कुणी मीठ म्हटलं नव्हतं. तिनं खडे खलात कुटले आणि त्याच्या वरणात घातले. सासू गप्प जेवली. आसाराम बोटं चाटत म्हणाला, "आता कसं." रोज तेच सुरू झालं. मीठ नव्हतंच ते, मग हात कशाला आखडायचा?

दोन महिन्यांनी परत दवाखाना गाठला. पारा आधीपेक्षा वर.

"नमक खाता है?"

"न्हाई जी. ह्या हातानं खडा टाकला न्हाई."

"झूट मत बोलो, बाई."

आसाराम उठून उभा राहिला. "सायेब, माझी बायको खोटं बोलत न्हाई."

ती खोटं बोलत नव्हतीच.

जेठात पटकीची सुई टोचायला बन्सीधर गावात आला. आसारामची विचारपूस करायला दारात थांबला, तर सारजा खल घेऊन बसलेली.

"हे कुणासाठी कुटायलाय?"

"ह्यांच्यासाठी. तुमी मीठ बंद केलं ना."

त्यानं चिमूट उचलून जिभेवर ठेवली.

"सारजाबाई, हे बी मीठच."

"मग उपवासाला कसं चालतं?"

त्यानं बोटांची भुकटी खलात झटकली. सारजा खलाकडे बघत राहिली. पाच महिने रोज दोन वेळा, तेही मोकळ्या हातानं.

संध्याकाळी तिनं खरंच अळणी वाढलं. सासू ताटावरून उठून गेली. आसारामनं सारजाकडे बघितलं, काही न विचारता चार घास खाल्ले आणि पाणी प्यायला. चौथ्या दिवशी सकाळी धोतर नेसताना त्याच्या हातातून सोगा सुटला. तोंड एका बाजूला गेलं. टेसनापर्यंत जाणारा आवाज घशात घरघरत राहिला. परभणीला न्यायला गाडी जुंपली, पण वाटेतच ती माघारी वळवावी लागली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या चतुराबाईनं पिठलं-भाकरी आणली. सुतकाची, अळणी. बायनाबाईनं भाकरीला हात लावला नाही. सारजानं भाकरी कुस्करली, पिठल्यात कालवली आणि खाल्ली. सावकाश, चावून. शेवटच्या घासाला ती थांबली.

अळणीही खाता येत होतं.

तिनं ताट चतुराबाईपुढं सरकवलं. "अजून वाढ," ती म्हणाली.