फुकट, पण अट आहे

दान करणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण केलेल्या दानावर जन्मभर पहारा देणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरात झाला. माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा. आमच्या बेटावर रोझ बेलपासून माएबूर्गपर्यंत त्यांनी कुणाला कशाला नाही म्हटलं नाही आणि दिलेल्या वस्तूचा कुणाकडून एक पैसा घेतला नाही. फक्त वस्तू तुमच्या हातात ठेवल्यावर ती सोडायच्या आधी ते एक बोट वर करायचे आणि म्हणायचे, "फुकट आहे. पण अट आहे." मग तुम्ही वस्तू एका बाजूने धरलेली, त्यांनी दुसऱ्या बाजूने, आणि अट पुरी ऐकून तुम्ही ती तोंडाने परत म्हणून दाखवेपर्यंत त्यांचा हात काही सुटायचा नाही. क्रेओल शेजारी त्यांना 'मिस्ये कोंदिस्यों' म्हणायचे, म्हणजे अटसाहेब. हे नाव त्यांना मनापासून आवडायचं.

त्यांची शिडी गावभर फिरायची. ते पाट्या रंगवायचे, दुकानांच्या, बसच्या, माएबूर्गच्या होड्यांच्या, त्यामुळे शिडी चांगली भक्कम होती. शिडीच्या एका बाजूला त्यांनी लाल पट्टा ओढला होता आणि ते म्हणजे तिचं तोंड, असं ठरवून टाकलं होतं. शिडी परत आणली की तोंड घराकडे करून भिंतीला लावायची. रस्त्याकडे तोंड केलं तर ती चोराला बोलावते. शिडी चोराला कशी बोलावेल, असं एकदा माझ्या वडिलांनी विचारलं, तर त्यांनी शिडी जी परत मागून घेतली ती थेट वडिलांनी माफी मागेपर्यंत दिली नाही. त्यांच्या झाडाचा आंबा खाल्ला तर कोय पुरायची, नाहीतर परत आणून द्यायची. आम्ही पोरं आठवडाभर चोखलेल्या कोया त्यांच्या पायरीवर नेऊन ठेवत असू. चतुर्थीला देवळातल्या गणपतीचे डोळे ते फुकट रंगवायचे, पण विसर्जनापर्यंत त्या डोळ्यांसमोर कुणी भांडायचं नाही ही अट. आमच्या मंडळीला, म्हणजे देऊळ चालवणाऱ्या संस्थेला, ती पाळणं किती जड गेलं, ते मंडळींच्या सभा ज्यांनी पाहिल्यात त्यांनाच कळेल. लग्नातसुद्धा त्यांनी हुंडा घेतला नाही, उलट सासऱ्याला अट घातली, की मला कधी 'जावईबापू' म्हणायचं नाही, मला हसू येतं.

आत्या या सगळ्याला मान डोलवायची. बाकी लोक अट ऐकायचे आणि फाटकाबाहेर पडताच विसरायचे. आत्या प्रत्येक अट तंतोतंत पाळायची. श्रद्धेने पाळायची की खोडीने, हे मला आजवर कळलेलं नाही.

औषधांची चित्रं हे आतोबांचं सगळ्यात मोठं दान. झालं असं, की माझ्या आजीने खोकल्याच्या औषधाने गुडघे चोळले आणि गुडघ्याचं तेल प्यायली. बाटल्यांवर सगळं इंग्रजीत, नाहीतर फ्रेंचमध्ये. आम्ही घरात मराठी बोलायचो, बाजारात क्रेओल, शेजारी भोजपुरी, आणि म्हाताऱ्यांना वाचायला यांपैकी एकही येत नसे. आजी वाचली, खोकलाही राहिला, पण आतोबांना झोप येईना. त्यांनी जुन्या सावातचे, म्हणजे रबरी चपलांचे, तळवे कापून शिक्के कोरले. सूर्य म्हणजे सकाळी, चंद्र म्हणजे झोपताना, थाळी म्हणजे जेवल्यावर, पंजा म्हणजे नुसतं चोळायचं, प्यायचं नाही. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक बाटलीवर आणि पुडीवर शिक्का बसू लागला. मग माएबूर्गच्या फार्मसीवाल्याने मागितले, लालमती गावच्या नर्सबाईने मागितले, आणखी कुणी कुणी मागितले. आतोबा रात्रंदिवस कोरत बसायचे. त्या काळात आमच्या घरात कुणाच्या पायात सावात टिकत नव्हती.

शिक्के अर्थात फुकट, आणि अटी तीन. शिक्क्याचे कुणी पैसे घ्यायचे नाहीत. चित्र कुणी बदलायचं नाही, कारण एका गावचा चंद्र दुसऱ्या गावात सूर्य झाला तर माणूस मरेल. आणि बदलायचीच वेळ आली, तर वापरणाऱ्या सगळ्यांनी हो म्हटल्याशिवाय बदलायचं नाही. "सगळ्यांनी म्हणजे मीसुद्धा आलो," असं ते वर सांगायचे. एकदा शहरातून एक साहेब मोटारीतून आले. ही चित्रं सगळ्या बेटावर चालवावीत असं त्यांच्या मनात होतं. किंमत किती, त्यांनी विचारलं. काही नाही, आतोबा म्हणाले, फक्त या तीन अटी. साहेबांना ते काही केल्या समजेना. अटी असतील तर किंमत असणार, आणि किंमत नसेल तर अटी कशाच्या, एवढंच ते फिरवून फिरवून विचारत राहिले. आतोबांनी त्यांना चहा दिला, तोही अटीवर, की कपात उरवायचा नाही. साहेबांनी कप रिकामा केला आणि गेले ते पुन्हा आले नाहीत. त्या दिवशी आतोबा जरा नमले असते तर, असं मला आजही वाटतं.

मग एका वर्षी चतुर्थीच्या आधी देवळात समया घासता घासता आत्या खाली कोसळली. डॉक्टरांनी पाहिलं, तान्स्यों, म्हणजे रक्तदाब, भलताच चढलेला. गोळ्या तर कधीपासून चालू होत्या. बाटली मागवली तर अर्धी भरलेली. आत्या शांतपणे म्हणाली, बाटलीवर थाळी आहे, ज्या दिवशी मी जेवत नाही त्या दिवशी गोळी कशी घेऊ? आणि आत्याचे उपवास काय सांगू! सोमवार, चतुर्थी, एकादशी, कुणाच्या नवसाचा, कुणाच्या परीक्षेचा. आमच्याकडे उपवासाला कारेम म्हणतात, आणि आत्या कारेम करायला निमित्तच शोधायची. डॉक्टर म्हणाले, ही गोळी पाण्याबरोबर चालते, चुकवलेली मात्र चालत नाही, पुन्हा अशा पडल्या तर उठतील असं सांगता येत नाही. आणि चतुर्थीचे लांबलचक उपवास तोंडावर आलेले.

आतोबांचा चेहरा उतरला. चूक त्यांच्या थाळीची होती. अशा गोळ्यांवर थाळीच्या जागी पाण्याचा पेला हवा होता, कारण हिच्यासारख्या उपवास करणाऱ्या बायका गावोगाव असणार. निर्जळी उपवासाला काय करायचं, यावर त्यांनी आणखी दोन दिवस घालवले, आणि गोळीपुरतं घोटभर पाणी चालेल असं ठरवलं. मग पेला कोरला आणि आत्याला म्हणाले, आजपासून पाण्याबरोबर घे. आत्या म्हणाली, "सगळ्यांनी हो म्हटलं का?"

मी तेव्हा नुकती मराठीची शिक्षिका झाले होते, मला कुणालाही शिकवायची हौस. मी चिडून म्हटलं, आत्या, जीव मोठा की चित्र? ती म्हणाली, हे त्यांना विचार. वडील रागावले, डॉक्टरांनी समजावलं, पण बाई ढिम्म हलली नाही. इतकी वर्षं तुमच्या अटी मी पाळल्या, आता तुम्ही पाळा. असं ती बोलली नाही, पण तिच्या तोंडावर ते स्पष्ट दिसत होतं.

शेवटी आतोबांनी रंगाचे डबे झाकले आणि आपलंच चित्र बदलायची परवानगी मागायला गावोगाव निघाले. ऑगस्टची सुट्टी होती, मी सोबत गेले. माएबूर्गचा फार्मसीवाला आम्हाला पाहून खूश झाला. हो तर, बदला की, म्हणाला, मी थाळी केव्हाच काढली, आमची सगळी कोळी माणसं, म्हणून मी मासा कोरून घेतला. आतोबांनी विचारलं, मग लोक गोळ्या घेतात ना? तो डोकं खाजवत म्हणाला, मासा मिळाला त्या दिवशी घेतात. म्हणजे समुद्र खवळला की अर्ध्या गावाच्या गोळ्या बंद! मला हसू आवरेना, आणि आतोबांकडे पाहिलं तेव्हा लाज वाटली. लालमतीच्या नर्सबाईने चंद्राला नाक, डोळे आणि हसरं तोंड काढलं होतं. "तोंतों, लालिन-ला प्ली झोली," ती लाडाने म्हणाली, काका, चंद्र जास्त गोड दिसतो. तीन अटींपैकी तिला एकही आठवत नव्हती. फुकटचं होतं, हे मात्र पक्कं आठवत होतं. जिथे जिथे गेलो तिथे हो मिळालं, आतोबांचं वाक्य संपायच्याही आधी मिळालं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर उसाकडे बघत बसले होते. तिकडेच बघत म्हणाले, "कुणीच पाळली नाही ग. एक तुझी आत्या सोडून."

घरी आलो तेव्हा आत्या पायरीवर तांदूळ निवडत होती. आतोबा उभ्यानेच म्हणाले, सगळ्यांचं हो मिळालं, आता घे. आत्याने सूप बाजूला ठेवलं.

"आणि माझं?"

"तुझं काय?"

"गोळी कोण गिळतं? मी. मग वापरणारी कोण झाली? मला कधी विचारलंत?"

आतोबा पायरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बायकोला त्यांनी अगदी रीतसर विचारलं, थाळीच्या जागी पेला केला तर तुझं हो आहे का. आत्याने एक बोट वर केलं. हुबेहूब त्यांच्यासारखं.

"हो आहे. पण अट आहे. जन्मात एक तरी वस्तू कुणाला बिनअटीची द्या. मला बघायची आहे."

आतोबा म्हणाले, बघतो. आत्याने माझ्याकडून पाणी मागितलं आणि त्यांच्यासमोर गोळी गिळली. त्यानंतर तिने एकही गोळी चुकवली नाही.

आतोबांनी खरंच प्रयत्न केला. माझ्या लग्नात भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि आत्या ऐकेल अशा आवाजात म्हणाले, घे, काही अट नाही. फाटकापर्यंत गेले, कडी काढली, कडी लावली आणि परत आले. "फक्त किल्ली सकाळीच द्यायची." आत्या तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला खुर्ची द्यावी लागली. मग शेजाऱ्याला मांजराचं पिल्लू दिलं, तर चार दिवसांनी त्याचं नाव काय ठेवलं ते बघायला गेले आणि बदलून आले. दर वेळी आत्या म्हणायची, राहू दे, पुढच्या वेळी.

पुढची वेळ तिला मिळाली नाही. काही वर्षांनी एका पहाटे ती झोपेतच गेली. गोळ्यांनी तिला एवढी वर्षं दिली, असं डॉक्टर म्हणाले. आतोबांनी ते ऐकून घेतलं आणि बाटली फडताळात जागच्या जागी ठेवली.

तेरावा झाला आणि त्यांनी घरातलं सगळं बाहेर आंब्याखाली आणून मांडलं. ब्रश, रंग, छत्री, शिडी, शिक्के ठेवलेला बिस्किटांचा डबा. ज्याला जे हवं ते न्या, म्हणाले. लोक वस्तू उचलायचे आणि हातात धरून थांबायचे, बोट वर होईल म्हणून. बोट वर होईना. माएबूर्गचा फार्मसीवाला शिक्क्यांचा डबा घेऊन कितीतरी वेळ तसाच उभा होता. शेवटी हळूच म्हणाला, "कोंदिस्यों?"

"नाही," आतोबा म्हणाले. "तिने सांगितलंय."

ही एवढीशी गोष्ट आत्या असताना झाली असती, एकदाच झाली असती, तर काय बिघडलं असतं? मला तेव्हा त्यांचा राग आला होता. अजून कधी कधी येतो.

शिक्के मोकळे झाले आणि गावोगाव मनासारखे वाढले. लालमतीच्या चंद्राला कानातले आले. माएबूर्गचा सूर्य टोपी घालू लागला. पेल्याचा कुणी तांब्या केला, कुणी बाटली, आणि ती बाटली बघून गोळी रमबरोबर घेणारेही निघाले. एका गावची पुडी दुसऱ्या गावात कळेनाशी झाली, तेव्हा दवाखान्यांनी हळूहळू शिक्के टाकून दिले आणि टंकलेल्या इंग्रजी चिठ्ठ्या चिकटवायला सुरुवात केली. आतोबांनी हे सगळं पाहिलं. मी एकदा म्हटलं, तुम्ही जाऊन सांगा ना, तुमचं ऐकतील. ते म्हणाले, तिची अट होती, अट ती अट. पुढच्याच वर्षी तेही गेले.

शिडी मी आणली होती. आता ती माझ्या अंगणात असते आणि गल्लीतले लोक मागून नेतात. मी नेऊ देते, बोट वर करत नाही, काही सांगत नाही. त्यांची कामं झाली की ते शिडी आणून कशीही भिंतीला टेकवतात, बहुतेक वेळा लाल पट्टा रस्त्याकडे. ते फाटकाबाहेर जाईपर्यंत मी दारात थांबते. मग अंगणात जाते आणि तिचं तोंड घराकडे करून ठेवते.