प्रमिलाबाईचा उजवा डोळा

केळझरात पोत गाठवायची म्हटली की बाया प्रमिलाबाईकडेच यायच्या. समोरचीचा चहा पिऊन होईस्तोवर काळे मणी, सोन्याचे मणी ओवून पोत तयार. एका सकाळी ती उठली तर उजव्या डोळ्यापुढं मळकट डाग. दुखणं नाही, लाली नाही. डोळा धुतला, पदरानं पुसला, डाग काही हलेना.

नवरा भैय्याजी. धंदा किराण्याचा, पण डॉक्टरकी जिभेवर. "मोतिबिंदू हाय. पिकू दे, दिवाळीनंतर काढू," त्यानं सांगून टाकलं, अन् ही बाई थांबली. याच शहाण्यानं तिची बीपीची गोळीही बंद करायला लावली होती. म्हणे, सवय लागते. तेव्हाही तिनं मुकाट ऐकलं होतं. त्या ऐकण्याचाच पुढं तिला सगळ्यात जास्त संताप आला.

मणी चुकायला लागले तशी ती लेकीला, मयुरीला, घेऊन वर्ध्याला गेली. डॉक्टरीणबाईंनी डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढला. कुठला मोतिबिंदू अन् काय. पडद्यातली रक्तवाहिनी तुंबली होती. आत रक्त सांडलेलं, सूज आलेली. "बीपी वाढलेलं राहिलं की होतं असं. एका डोळ्याला एकाएकी अंधुक दिसलं की लगेच यायचं असतं, बाई." गोळी आता रोज, अन् सूज उतरेपर्यंत दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. नजर किती परत येईल, ते त्यांनाही सांगता येईना.

पहिल्या इंजेक्शननं डाग फिका झाला. झालं, भैय्याजीला जोर आला. "दिसून राह्यलं ना आता? मंग काऊन टोचून घेतं?" एवढ्यावर थांबला नाही, दवाखान्यात फोन करून पुढची तारीख परस्पर रद्द केली, अन् तिला सांगितलं, दवाखान्यानंच पुढं ढकलली. डाग परत आला, पहिल्यापेक्षा काळा.

मयुरीनं दवाखान्यात विचारलं अन् तारखेचं कळलं, तेव्हा प्रमिलाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पिशवी घेऊन ती थेट दुकानात गेली, गिऱ्हाइकांच्या देखत.

"मी वर्ध्याले चालली. इंजेक्शन घ्याले."

"थांब ना जरा, मी कोणाले तरी इचारतो."

तिनं तळहातानं डावा डोळा झाकला अन् उजव्यानं नवऱ्याकडं पाह्यलं.

"या डोळ्यानं तुमचं तोंडच दिसत नाई मले. नुसता आवाज येते. त्या आवाजाचं आयकू आयकूच डोळ्याची माती झाली माह्या."

ती स्टॉपकडं निघाली.