कागदावरची मावसबहीण

मावसबहीण हा शब्द मी शोधून काढला, तिनं नाही. त्याचा सगळा दोष माझ्याकडं.

बजाजनगरात पहिली खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकानं विचारलं, "तुम्ही दोघी एकमेकींच्या कोण?" ती शाळेत खेळाची बाई, खो-खोच्या पोरींना दिवसभर पळवणारी. मनात आलं की तोंडावर आलंच, अशी. तिनं बोलायला तोंड उघडलं. मी घाईनं म्हणाले, "मावसबहिणी." सख्ख्या किंवा चुलत म्हटलं तर आडनाव एक लागतं. मावसबहिणीला कुणी पुरावा मागत नाही. माझं घर शहागंजच्या मागं, पंचांग आणि सोवळ्यातलं. तिचं कन्नडजवळ, उसाच्या शेतातलं. पण माझं आडनाव असं, की ते ब्राह्मणांतही निघतं आणि मराठ्यांतही. तेवढ्यावर आमची बावीस वर्षं निभली.

जिना उतरताना ती म्हणाली, "लई हुशार गं तू! आपल्या आयांना पार बहिणी करून टाकलंस. उद्या माझी आय तुझ्या आईच्या सोवळ्यात शिरली म्हंजे?" आणि रस्त्यात उभं राहून खदाखदा हसली. मीही हसले. तेव्हा हसायला काय जात होतं!

दोन बाया एकत्र राहतात याचं कुणाला वावडं नसतं, असं लोक म्हणतात. वावडं नसतं कारण त्यांना दिसतच नाही. मी वाळूजच्या एका छोट्या कंपनीत स्टोअरला होते. तिथं दर दिवाळीला कामगारांना मिठाईचा पुडा मिळायचा, लग्न झालेल्यांना दोन. मी कधी दुसरा मागितला नाही. तिच्या शाळेत सहल निघाली की हेडबाई तिलाच पाठवायच्या, "तुमच्या मागं काय आहे, तुम्ही मोकळ्या." ती घरी येऊन सांगायची, "मोकळी हाय म्हणं मी. ऐकलं का गं माझे मोकळे?" असल्या गोष्टी हसण्यावारी न्यायची आम्हाला सवय लागली होती. आता वाटतं, डोंबलाची सवय! तेव्हाच भांडायला हवं होतं.

मग तिच्या दोन्ही किडन्या गेल्या.

पायाला सूज येत होती, ती म्हणायची मैदानावर उभी राहून येते. तपासलं तोवर उशीर झालेला. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. ते वर्ष पावसानं दगा दिल्याचं. इकडं शहर चहूबाजूंनी फुगत चाललेलं, आमच्या गल्लीच्या टोकाला नव्या इमारती उठत होत्या, नळ्या टाकलेल्या होत्या आणि नळाला पाणी आठ-आठ दिवस नाही. सोसायटीनं टँकर लावला. वाटपाची यादी समोरच्या काकूंकडं. कुटुंबाला चार ड्रम, बाकीच्यांना माणशी एक. आम्हाला दोन.

मी म्हटलं, "काकू, आमचं दोघींचं घर आहे. एक आजारी आहे."

"अहो, मला कळतं सगळं," काकू म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, तिच्यासाठी बिनमिठाची भाजी पाठवायच्या. "पण यादीत कुटुंब म्हणून लिहू कसं? तुम्ही तर बहिणी-बहिणी."

घरात ती एका स्टीलच्या बाटलीतून घोट मोजून प्यायची. दिवसाला एक बाटली, त्याच्यावर डॉक्टर पिऊ देत नव्हते. जीभ कोरडी पडायची तिची. मी जिन्यावरून बादल्या ओढत आणायचे आणि तिला त्या पाण्याकडं बघवायचं नाही.

डॉक्टर म्हणाले, कुणाची किडनी मिळाली तर ही बाई आणखी पंधरा-वीस वर्षं पळेल. माझा रक्तगट जुळला. बाकीच्या तपासण्याही जुळल्या. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. घरी येऊन मी चक्क शिरा केला, आणि तो तिला चालत नाही हे कढईतून उतरवताना लक्षात आलं.

दवाखान्यात हे काम बघणारी एक तरुण बाई होती. तिनं फाइल उघडली. पहिल्या वेळी भरती करताना मी सवयीनं नात्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं, मावसबहीण. ती म्हणाली, "मॅडम, आई, बाप, भाऊ, बहीण, मूल, नवरा-बायको हे कायद्यानं जवळचे. मावसबहीण जवळची नाही. तुम्हाला समितीपुढं जावं लागेल." मग हसून म्हणाली, "तुम्ही त्यांचा नवरा असता ना, तर एवढं लांबलं नसतं. लग्नाचा दाखला लावला की झालं असतं."

ती सहज बोलली होती. मी मात्र त्या वाक्यावर अडकून राहिले.

कारण नेमकं त्याच उन्हाळ्यात दिल्लीत बाईनं बाईशी, पुरुषानं पुरुषाशी लग्न करावं की नाही याचा खटला चालला होता. डायलिसिसच्या हॉलमध्ये भिंतीवर टीव्ही. हातात नळ्या घातलेली आठ माणसं खाली, वर कोट घातलेली आठ माणसं भांडतायत. एक म्हणाला, "हे मोठ्या शहरातल्या शौकीन लोकांचं खूळ आहे." तिनं माझ्याकडं बघितलं. ओठ फाटलेले, केस विरळ झालेले. "आपण शौकीन व्हय गं?" ती म्हणाली. शेजारच्या खुर्चीतले चाचा म्हणाले, "बंद करो ये, दिमाग का दही कर दिया." ती मोठ्यानं म्हणाली, "राहू द्या चाचा, आमच्या घरातलंच बोलायलेत." मी तिला चिमटा काढला. चाचांना वाटलं, ती चेष्टा करतेय.

समितीची तारीख आली आणि आमचं भांडण जुंपलं. ती म्हणत होती, खरं सांगू. "मरायला टेकलेय, आता कुणाची भीती?" मी म्हणत होते, मावसबहीणच चालू दे. माझ्या कंपनीत कळलं तर दुसऱ्या दिवशी काहीतरी कारण काढून घरी बसवतील, मग तिच्या औषधांचं काय? चार दिवस आम्ही भांडलो. शेवटी कुणीच काही ठरवलं नाही. तशाच रिक्षात बसलो.

आत एकेकीला बोलावतात. मी पहिली. टेबलामागं पाच जण. विचारलं, "या तुमच्या कोण?" आणि मला काय झालं कोण जाणे. तिचं सुजलेलं तोंड डोळ्यांपुढं आलं. वाटलं, बाई मरायला लागलीय आणि मी नोकरी घेऊन बसलेय. जाऊ दे नोकरी खड्ड्यात. मी सांगितलं, "मावसबहीण खोटं आहे. मीच लिहिलेलं. आम्ही बावीस वर्षं नवरा-बायको राहतात तशा राहतोय. मला तिला किडनी द्यायचीय, बाकी काही नको." पाचांपैकी एक बाई मान खाली घालून लिहीत राहिल्या. मला दुसऱ्या दारानं बाहेर काढलं. मग तिला आत घेतलं.

ती बाहेर आली ती विजयी चेहऱ्यानं. भिंतीला धरत माझ्यापर्यंत आली आणि कानाशी म्हणाली, "सांभाळलं बघ. मावसबहीण म्हंजे मावसबहीणच, हाललेच नाय मी. उलट सांगितलं, आमच्या आया एका ताटात जेवलेल्या हायेत. तुझ्या नोकरीला धक्का नाय लागायचा आता."

मी तिला धरून बाकावर बसवलं.

"काय झालं गं?"

मी सांगितलं. ती म्हणाली, "आयला, आपण दोघींनी बी एकाच दिवशी एकमेकीचं ऐकलं." बावीस वर्षांत माझं ती कधी ऐकत नव्हती, तिचं मी कधी ऐकत नव्हते. तो एकच दिवस सापडला आम्हाला.

नकाराचं पत्र आलं. दोघींच्या जबाबात मेळ नाही, नातं सिद्ध होत नाही, व्यवहाराची शक्यता नाकारता येत नाही. म्हणजे काय, तर मी किडनी विकायला निघालेय! तिच्यावर राग, माझ्यावर राग, त्या पाच जणांवर राग. पुन्हा अर्ज करता येईल, पण तिच्या भावानं लिहून द्यावं लागेल की घरात दुसरं कुणी द्यायला नाही आणि या बाईला आम्ही ओळखतो, ही तिची अमुक.

भाऊ ज्वारीचं पोतं घेऊन आला. त्याला स्वतःला साखर, म्हणून त्याची किडनी चालत नव्हती. "नायतर मीच दिली असती, ताई," असं म्हणाला, आणि ते खरं होतं. मी कागद पुढं केला. तो कितीतरी वेळ पेन बोटांत फिरवत बसला. "तुम्ही लई केलं, मी नाय म्हणत नाय. पण पोरीचं जमायलंय माझ्या. ह्या कागदावर लिहू काय, माझ्या बहिणीच्या कोण म्हणून?" मग म्हणाला, "ते दिल्लीला चाललंय ना, त्याचा निकाल येऊ द्या. तिथून व्हय आलं तर डोळे झाकून सही करतो. सरकारनंच मानल्यावर मंग मला कोण इचारतंय?"

असं आमचं सगळं त्या निकालावर येऊन टेकलं. टीव्हीवरच्या लोकांना हक्क पाहिजे होता की संस्कृती वाचवायची होती, ते त्यांचं त्यांना माहीत. मला एक सही पाहिजे होती.

त्याच महिन्यांत शहराचं नाव बदललं. दवाखान्याची पाटी बदलली, तिच्या फाइलवरचा शिक्का बदलला. मी खिडकीशी उभी राहून तो नवा शिक्का बघत होते. एवढ्या मोठ्या शहराला कागदावर नवं नाव मिळालं, आणि आम्हाला एका रकान्यापुरतं मिळेना.

निकाल आला तेव्हा ती त्याच हॉलमध्ये, त्याच खुर्चीत होती. लग्नाला मान्यता नाही, कायदा करायचा तर संसदेनं करावा. वर टीव्हीत कुणीतरी पेढे वाटत होतं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "बंद करा हो चाचा." मी भावाला फोन केला नाही. त्यानंही केला नाही.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला एका सकाळी डायलिसिस चालू असतानाच तिचं बीपी पडलं. आत नेलं. दारावरचा माणूस म्हणाला, "रक्ताचं कोण आहे?" मी म्हटलं, मी आहे. तो म्हणाला, "फाइलवर तसं नाही." कन्नडहून भाऊ येईपर्यंत मी काचेच्या बाहेर उभी. तो धापा टाकत आला, त्यानं दार उघडलं आणि बाजूला होऊन मला म्हणाला, "ताई, आधी तुम्ही जावा." पण तोवर ती गेलेली होती. हात अजून कोमट होता, तेवढंच माझ्या वाट्याला आलं.

गावाकडं नेलं तिला. भावजया, चुलत्या, सगळ्यांनी मिळून तिला आंघोळ घातली. मी जीपपाशी उभी होते. एका म्हातारीनं विचारलं, ही कोण? कुणीतरी म्हणालं, शहरातली मैत्रीण हाय. तिथं तर मी मावसबहीणही नव्हते. संध्याकाळच्या एसटीनं मी परत आले.

घरी दोन ड्रमांचा एक ड्रम झाला. काकूंनी यादी सुधारली.

संक्रांतीला सोसायटीत हळदीकुंकू होतं. मी दार लावून बसले होते. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा नवरा मागच्या वर्षी वारला, त्यांना आवतण नव्हतं, आणि त्यांनीही दार लावून घेतलेलं होतं. असल्या रिवाजाची मला लहानपणापासून चीड. वडिलांशी मी त्यावरून भांडलेय. पण त्या दिवशी मला वाटलं, खोटं कशाला सांगू, की मलाही त्या वहिनींसारखं वगळावं. कुणीतरी म्हणावं, नको, तिच्याकडं जाऊ नका, तिचं माणूस गेलंय.

दार वाजलं. काकू, हातात तबक. "अहो, तुम्ही नाही आलात? तुम्हाला काय, तुम्ही कुमारिका, तुम्हाला चालतं."

"मला नका लावू, काकू," मी म्हटलं. "दोन महिनेही झाले नाहीत तिला जाऊन."

काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. खरंच मायेनं फिरवला. "कळतं हो मला. पण मावसबहिणीचं सुतक असतं किती? दीड दिवस. ते कधीच फिटलं."

पंचांगाच्या घरातली मी. हिशेब बरोबर होता, आणि नातंही मीच सांगितलेलं होतं. काकूंनी कुंकवात बोट बुडवलं. मी कपाळ पुढं केलं.