काकूंचं इन्शुलिन

इन्शुलिनची बाटली हातात दिली की काका ती आधी गालाला लावायचे. गार लागली तरच घ्यायची, नाहीतर परत. "भाऊ, ही कोमट काऊन?" असं माझ्याच दुकानात मला दटावायचे.

हडपसरला माझं औषधांचं छोटं दुकान आहे. काका मूळचे अकोल्याकडचे, इथल्या कारखान्यातून निवृत्त झालेले. काकूंना अंधूक दिसतं, म्हणून रोज दोन्ही वेळा सुई काकाच टोचत.

पुण्याच्या उन्हाळ्याला ते मोजतच नसत. मे महिन्यात गिऱ्हाइकं घाम पुसत माझ्या फ्रीजशेजारी रेंगाळायची, तेव्हा काका हसून म्हणायचे, "हे काय ऊन हाये का? आमच्याकडे या." अशा माणसाकडे आपण कौतुकाने बघतो. मीही बघितलं.

गेल्या मे महिन्यात काकूंच्या भाचीचं अकोल्याला लग्न होतं. जाण्याआधी आठवडाभर काकांनी माझं डोकं खाल्लं. बाटली बर्फाला चिकटली तर? बर्फ वितळला तर? मी सांगितलं, थेट बर्फावर ठेवू नका, गोठलं की औषध वाया जातं. बर्फ संपला तर ओल्या फडक्यात गुंडाळून वाऱ्याला धरा. त्यांनी सगळं चिठ्ठीवर उतरवून घेतलं.

इन्शुलिनच्या त्याच पिशवीत काकांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, लघवी वाढवणाऱ्या. त्या गोळ्यांबद्दल त्यांनी एक अक्षर विचारलं नाही. या गोळ्या घेऊन उन्हात फिरलं तर अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, एकदा डॉक्टरांना विचारून जा, एवढं मी सांगायला हवं होतं. दुकानात गर्दी होती. मी पिशवी पुढे सरकवली.

परतताना जालन्याजवळ भर दुपारी बस बंद पडली. तीन तास झाले तरी दुसरी गाडी आली नाही. थर्मासातला बर्फ कधीच संपला होता. काका प्यायचं पाणी फडक्यावर ओतत राहिले.

"अहो, तुम्हीही घोटभर घ्या," काकू म्हणाल्या.

"मले नाही लागत. तू पी."

थोड्या वेळाने ते भलतंच बोलू लागले. भोंगा झाला, माझा डबा दे, म्हणाले. काकूंनी कपाळ चाचपलं. ते भाजत होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. लोकांनी एका जीपमध्ये घालून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथेच त्यांनी प्राण सोडला. फडकं त्यांच्या मुठीत ओलंच होतं.

तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो आणि गोळ्यांचं काकूंना सांगून टाकलं.

"त्यांनी ऐकलं असतं का, मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही सांगायला हवं होतं."

इंजेक्शनची वेळ झाली होती आणि घरात दुसरं कोणी नव्हतं. मी सुई भरली. इतक्या वर्षांच्या सवयीचा माझा हात त्या दिवशी थरथरत होता. काकूंनी दंडावरचा पदर बाजूला केला.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा त्यांचाही असाच कापला होता."