फोरमन फोडायला गेले तेव्हा

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं मी माणसांचं खातं सांभाळलं. भरती, बढत्या, सुट्ट्या, भांडणं, सगळं माझ्याकडे. एका शुक्रवारी शेठ म्हणाले, "एक सीनियर रिटायर हो रहे हैं दीदी, चाय-समोसा करवा दीजिए." मी समोसे मागवले, शाल स्वतः निवडली, नारळ हलवून पाणी आहे ना तेही पाहिलं. संध्याकाळी सगळे जमल्यावर शेठनी ती शाल माझ्याच खांद्यावर घातली. सोमवारपासून माझ्या खुर्चीवर त्यांचा भाचा बसणार होता. आणि मी मूर्ख बाई, हसून नमस्कार केला!

त्या नमस्काराचा संताप अजून जात नाही. शालीनं मी घरी आल्या आल्या स्कूटर पुसली.

मग अर्धवेळ काम धरलं. वाढत्या कारखान्यांना मुरलेला माणूस हवा असतो, पण आठवडाभर लागत नाही. सोम-मंगळ एकीकडे, बुध-गुरू दुसरीकडे, शुक्रवारी तिसरीकडे. तिन्ही मालकांना वाटायचं, बाईंना कामाची भारी हौस. हौस होतीच, शेठचा कारखाना रिकामा करायची.

तिथल्या प्रत्येकाचं दुखणं मला पाठ होतं. क्वालिटीवाल्याला मुलीला शाळेत सोडून यायचं असायचं. त्याला मी नव्या कारखान्यात दहाची वेळ दिली. स्टोअरवाल्या बाईंना दर एकादशीला ग्वारीघाटला स्नानाला जायचं असायचं. त्यांना ते लेखी दिलं. दीड वर्षात असे चार जण फोडले. प्रत्येकाच्या राजीनाम्याच्या दिवशी घरी शिरा केला, बदाम घालून.

उरला फोरमन. तो नसला की शेठची एकही मशीन धड चालत नसे. तो फुटला की शेठ नाक घासत येतील, अशी माझी खात्री होती. एका रविवारी पेढे घेऊन मी गोहलपुरला त्याच्या घरी गेले.

"काहून आल्या दीदी?" त्यानं दारातच विचारलं. पण आत बसवलं, पाणी दिलं. मी दिवसपाळी सांगितली, बढती सांगितली, हाताखाली सहा माणसं देते म्हणाले. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"आई गेली तेव्हा मी तेरा दिवसांची सुट्टी मागितली होती," तो म्हणाला. "तुम्ही तीन दिली. मी मोठा मुलगा. दहाव्याला घाटावर लहान भावानं पिंड दिला, अन् मी मशीनवर काम करून राहिलो होतो. तेराव्याला शेठजी घरी आले, माझ्या गळ्यात पडून रडले. म्हणे, मेरे बस में होता तो महीना भर की छुट्टी देता."

शेठची ही जुनी रीत. नकार त्यांनी कधी स्वतःच्या तोंडानं दिला नाही. पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "दीदी से पूछ लो," आणि माणूस माझ्या टेबलाशी पोचेपर्यंत आतून फोन यायचा, "मना कर दीजिए." त्याची सुट्टीही अशीच कापली होती. हे मला आठवायलासुद्धा एक क्षण लागला.

"ते शेठनी सांगितलं होतं," मी म्हणाले. "फोनवर. मी फक्त लिहिलं."

"मग तुम्ही काय म्हटलं त्यांना?"

मी काहीच म्हटलं नव्हतं. अर्ज घेतला होता, तेराचे तीन केले होते आणि पुढचा अर्ज ओढला होता.

"तुमच्या हाताखाली परत नाही येणार जी," तो शांतपणे म्हणाला. मग उठला आणि पेढ्यांचा डबा माझ्या हातात दिला. "हे घेऊन जा. आतल्या खोलीत आईचा फोटो आहे. तुमचा पेढा तिच्यापुढे कसा ठेवू?"