मडगार्डावर घागरीचे ठोके

मंडळी, मी घाटनांदूरचा तांबट. आजवर घागरीच ठोकल्या, आज मोटार ठोकली!

जिनिंगवाल्या शेठजींची मालाची मोटार मोमिनाबादच्या रस्त्यावर बाभळीला घासलती. एक मडगार्ड चेपलं, पायदान वाकलं. ते सरळ करायला मोटार माझ्याच दुकानी आणली.

पायदान लगेच सरळ झालं. मडगार्डावर मात्र हाताची सवय नडली. चेप निघाला, पण घागरीवर असतात तसे बारीक गोल ठोके पत्राभर उमटले.

शेठजी भडकले, "माझ्या मोटारीची घागर कावून केली रे?"

तेवढ्यात त्यांची आई आली. बाजारात भांडं पारखावं तसं तिनं मडगार्ड बोटानं वाजवून बघितलं.

"खणखणीत हाय. दुसरंबी असंच करून घे."



पण मंडळी, दुसरं मडगार्ड एकदम धड हाय! ठोकू का नको, तुमीच सांगा.