चकतीवर लिहिलेला नंबर

सहकारी साखर कारखान्याच्या वाहन विभागात मी कारकून म्हणून लागले, तेव्हा माझं काम डिझेलच्या चिठ्ठ्या फाडायचं आणि गाड्यांची ये-जा वहीत उतरवायचं होतं. आमच्या वस्तीतून पगारी नोकरीत गेलेली मी पहिलीच मुलगी. रुजू झाले त्याच आठवड्यात ऑफिसातल्या माठाशेजारी दुसरा माठ येऊन बसला. नव्या माठाला फक्त माझाच हात लागायचा.

पुढं कारखान्याच्या एका ट्रकनं बाजाराहून येणाऱ्या दोन बायांना उडवलं. गावानं दोन दिवस उसाच्या गाड्या अडवून धरल्या. मग संचालक मंडळानं ठराव केला आणि पुण्याहून खोक्यांतून यंत्रं आली. गाडीच्या वेगाच्या काट्यामागं ते बसवायचं. आत बशीएवढी, मेणाचा हात दिलेली कागदाची चकती घालून कुलूप लावायचं. दिवसभर गाडी जशी पळेल तशी एक बारीक सुई त्या चकतीवर रेघ ओरखडत राहायची. गाडी कितीला सुटली, कुठं किती वेळ थांबली, कितीच्या वेगानं पळाली, सगळं संध्याकाळी बाहेर. ड्रायव्हर नाही म्हणाला तरी चकती बोलायची.

पुण्याचा माणूस दोन दिवस राहून चकती वाचायला शिकवून गेला. बाकीचे दोन्ही कारकून भिंगात डोळा घालायला तयार नव्हते, म्हणून ते माझ्याकडं आलं. सकाळी प्रत्येक कोऱ्या चकतीच्या मधल्या गोलात मी शाईनं गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचं नाव लिहायचे. संध्याकाळी चकत्या काढून भिंगाखाली धरायचे आणि चाळीसच्या वर गेलेल्यांची यादी साहेबांच्या टेबलावर ठेवायचे. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा खाडा, तिसऱ्यांदा घरी.

ड्रायव्हरांनी यंत्राचं नाव ठेवलं मुखबीर. निजामाच्या काळात गावातल्या बातम्या सरकारात पोचवणाऱ्याला म्हातारी माणसं हाच शब्द वापरत. थोड्या दिवसांत ते नाव मलाही लागलं. मी अंगणातून गेले की कोणीतरी हळूच म्हणायचं, "आली मुखबीर." खोटं कशाला बोलू, त्या यंत्रानं फरक पडला होता. उसाचे ट्रक वळणावर सावकाश यायला लागले. मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा. वाटायचं, इथं कोण कुणाचा, कुठल्या जातीचा, कुठल्या गटाचा, काही चालत नाही. रेघ म्हणजे रेघ.

त्या वर्षी पाऊस झाला नव्हता. तेरणेच्या पात्रात माणसं खड्डे खणून वाटीनं पाणी काढत होती. कारखान्यानं एक जुना टँकर पाच गावांना पाणी द्यायला लावला होता आणि त्यावर एक वयस्क ड्रायव्हर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांचं गाव आमच्या गावापासून दोन कोसांवर, घरी चार एकर कोरडवाहू. हाडापेरानं किरकोळ, पांढरी टोपी, दाताखाली कायम सुपारी. ऑफिसात आले की दोन्ही माठांना हात लावून बघायचे आणि ज्यातलं पाणी गार त्यातलं प्यायचे. पहिल्यांदा ते माझ्या माठातलं प्यायले तेव्हा बाकीचे बघतच राहिले. मामांच्या ते लक्षातही आलं नसावं.

त्यांच्या चकतीत बघण्यासारखं काही नसायचं. टँकर इतका खिळखिळा की भरल्यावर पस्तिसालाच धापा टाकायचा. पाच गावांत पाच थांबे, प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास. मामा मला म्हणायचे, "बाई, माजी चकती कशाला बघता? टाका तशीच ढिगात."

आमच्या गावात ते टँकर वरच्या आळीत थोडा रिता करायचे आणि मग न चुकता वस्तीपर्यंत आणायचे. कोणी अडवलं तर म्हणायचे, "मला पाच ठिकानी थांबायचा हुकूम हाय, सहाव्या ठिकानी थांबू नको असं कुनी सांगितलं न्हाय." ते सहावं ठिकाण म्हणजे आम्ही. माझी आई तिथंच घागर लावायची.

यंत्र चेअरमनसाहेबांच्या जीपलाही बसवलं होतं. नारळ फोडून, हार घालून, फोटो काढून. दुसऱ्याच दिवशी आमच्या विभागाच्या साहेबांनी मला सांगितलं, "जीपच्या चकतीवर नंबर टाकू नका. कोरीच घालत जा. संध्याकाळी काढायची अन् केराच्या पेटीत टाकायची."

मी तसं करत होते. पण टाकण्याआधी भिंगाखाली धरून बघायचे. जीप बहुतेक वेळा चेअरमनसाहेबांचा धाकटा भाऊ चालवायचा. त्याची रेघ दररोज ऐंशीच्या पुढं, चकतीच्या कडेला जाऊन भिडायची.

उन्हाळ्यात एका दुपारी, चारच्या सुमाराला, डेअरीसाठी वस्त्यावस्त्यांवरून दूध गोळा करणाऱ्या एका माणसाला सायकलसकट मागून गाडीनं उडवलं. उडवणारी गाडी थांबली नाही. थोड्या वेळानं त्याच रस्त्यानं मामांचा टँकर आला. मामांनी त्याला केबिनमध्ये निजवला आणि थेट धाराशिवच्या दवाखान्यात नेला. त्या दिवशी शेवटच्या दोन गावांना पाणी मिळालं नाही. दूधवाला वाचला, पण खुब्यापासून पाय गेला.

संध्याकाळी जीपची चकती मी काढली. चारला पाच मिनिटं कमी असताना रेघ पंच्याऐंशीवर होती आणि तिथून एकदम खाली आली होती. पूर्ण थांबली नव्हती. विसापर्यंत खाली येऊन पुन्हा वर चढली होती. मी भिंग खाली ठेवलं. ती चकती मी केराच्या पेटीत टाकली नाही, खणात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी बोलावलं. दार लोटून घेतलं.

"कालच्या जीपची चकती कुठंय?"

"माझ्याकडं आहे, साहेब."

"आना."

मी आणली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली, मधल्या कोऱ्या गोलावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिथं टँकरचा नंबर टाका. मामांचं नाव टाका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हणाले, "साहेब, ही टँकरची नाही. टँकर एवढा पळत नाही."

"ते तुमाला कुनी इचारलंय?" एरवी ते माझ्याशी शुद्ध बोलायचे. "दवाखान्यात त्या मानसाला कुनी नेलं? टँकरनं. लोकांनी काय बघितलं? टँकर. आता कागद पायजे, एवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुमचं कायम व्हायचं प्रकरण पुढच्या मीटिंगला हाय. मी शिफारस केलीय. पुन्हा इचार करायला लावू नका."

मी उभी होते. खिडकीतून गाड्यांचं अंगण दिसत होतं. मामा टँकरच्या केबिनमधलं सुकलेलं रक्त ओल्या फडक्यानं पुसत होते. मी खुर्चीवर बसले आणि लिहिलं. नंबर, नाव, तारीख. अक्षर थरथरलंही नाही. मामांची खरी चकती साहेबांनी माझ्यासमोर फाडली.

आठ दिवसांनी कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये चौकशी बसली. तीन संचालक, साहेब आणि भिंग घेऊन मी. चकती हातोहात फिरली. भिंगातून बघायचं आणि मान हलवायची, एवढंच चाललं होतं. त्या दिवशी पाणी दिलेल्या तीन गावांचे तीन थांबे चकतीत कुठं आहेत, असं एकानंही विचारलं नाही. पाणी वाटणारा टँकर दिवसभरात दोनदाच कसा थांबला, हे शेंबड्या पोराला कळलं असतं.

मामांना आत बोलावलं. एक संचालक म्हणाले, "मामा, पंच्याऐंशीनं टँकर पळिवला तुमी. यंत्र दाखवतंय."

मामा आधी हसले. त्यांना ती थट्टा वाटली. मग म्हणाले, "साहेब, माजा टँकर डोंगरावरून ढकलून दिला तरी पंच्याऐंशीनं पळायचा न्हाय."

दोघं-तिघं हसले. संचालक म्हणाले, "मान्सं खोटं बोलत्यात. यंत्र कशाला खोटं बोलंल? त्याला काय तुमची दुष्मनी हाय?"

मामांनी चकती हातात मागितली. त्यांना वाचता जेमतेम येत होतं. भिंग न घेताच ती डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी मधल्या गोलाकडं बघितलं. रेघेकडं बघितलंच नाही. मग माझ्याकडं वळून विचारलं, "बाई, हे अक्षर तुमचं हाय का?"

"व्हय," मी म्हणाले.

"मग ऱ्हायलं," ते म्हणाले. चकती टेबलावर ठेवली, टोपी सारखी केली आणि बाहेर गेले. बाहेर जाताना माझ्याकडं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांना काढून टाकलं. दूधवाला, हिंडताफिरता झाल्यावर, कुबड्यांच्या आधारानं एकदा फाटकापर्यंत आला होता. म्हणत होता, मी पाठमोरा होतो, गाडी बघितली नाही, पण तो आवाज टँकरचा नव्हता, आणि टँकरवाल्यानं मला वाचवलंय. पहारेकऱ्यानं त्याला चहा पाजला आणि परत धाडला. त्याच्या जबानीला कोण विचारतंय? यंत्राचा पुरावा होता ना.

टँकरवर नवा ड्रायव्हर आला. तो हुकमाचा पक्का. पाच म्हणजे पाच. आमच्या गावात वरच्या आळीतच टँकर रिता करून तो निघून जायचा. आई आणि वस्तीतल्या बाया लांब उभ्या राहायच्या. कोणी वरून घागरीत ओतलं तर पाणी, नाही तर तशाच परत.

रविवारी मी घरी गेले तेव्हा आईनं विचारलं, "त्यो मामा का येईना गं? बरं न्हाय का त्याला?"

मी सगळं सांगितलं. नाही सांगितलं असतं तरी चाललं असतं, पण तोंडातून गेलं. आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"तू लिवलंस?"

"लिहावं लागलं. नाही तर नोकरी गेली असती."

तिनं हाताचं पीठ परातीत झटकलं. मग म्हणाली, "शाळंत घातली तवा मला वाटलं हुतं, आपल्याकडंबी एक लिवनारं मानूस असावं." भाकरी तव्यावर टाकली, मला वाढली. ती जेवली नाही. त्यानंतर माझ्या पगारातून आणलेलं लुगडं तिनं दोन वर्षं घडीतून काढलं नाही.

मामांनी कामगार कोर्टात दावा लावला. त्यांच्या वकिलानं मला साक्षीला बोलावलं. समन्स आलं तेव्हा मी कायम झालेली होते. साहेबांनी न मागता आठ दिवसांची आजारपणाची रजा मंजूर केली. मी घेतली. पुढच्या तारखेलाही घेतली. तिसरी तारीख कळलीच नाही. मामाच जायचे थांबले होते, असं पुढं ऐकलं. तारखेला जायचं म्हणजे दिवस बुडायचा, आणि ते तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. वीस वर्षं स्टेअरिंगवर बसलेला माणूस.

यंत्रांचं आयुष्य फार नव्हतं. दोन हंगामांनी चकत्या संपल्या, नव्या मागवायला कोणाला सुचलं नाही. ट्रक पुन्हा पहिल्यासारखे पळायला लागले. चेअरमनसाहेबांचा भाऊ पुढं स्वतःच संचालक झाला. रस्ता-सुरक्षेच्या सप्ताहात फीत कापायला त्याला बोलवायचे.

आता शहराशहरांत चौकाचौकांत खांबावर कॅमेरे बसलेत. लाल दिव्याला गाडी रेषेपुढं गेली की फोटो निघतो, वेगात गेली की फोटो निघतो, आणि दंडाचा कागद मोबाईलवर येतो. माझ्या पुतण्याला परवा सोलापुरातला असा एक आला. तो त्या दिवशी धाराशिवात माझ्या घरी जेवत होता. फोटोतली मोटरसायकल त्याची नव्हती, नंबर मात्र त्याचा. तो हेलपाटे घालून थकला. खिडकीतून त्याला उत्तर मिळालं, यंत्रात असं होत नसतं. पुतण्या चिडून मला सांगत होता आणि मी ऐकत होते. मला विचारावंसं वाटत होतं की त्या खिडकीत बाई बसते की पुरुष, आणि बाई असली तर तिचं कायम झालंय का. विचारलं नाही.

मामा मला एकदाच भेटले. त्यांना काढल्यावर सात-आठ वर्षांनी, मुरूम गावच्या स्टँडवर. मी नात्यातल्या लग्नाला चालले होते. ते बाकावर बसले होते, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा, पायाशी बियाण्याची पिशवी. त्यांनीच मला ओळखलं.

"बाई, बऱ्या हाव का?"

मी त्यांच्या शेजारी बसले. इतकी वर्षं जे मनात जुळवून ठेवलं होतं ते काढायला गेले. कसंबसं म्हणाले, "मामा, त्या वेळी मी..."

त्यांनी हात वर केला. रागानं नाही, गाडी थांबवायला करतात तसा. "कायम झालात का?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"बरं झालं," ते म्हणाले. त्यात टोमणा होता का, मी आजही सांगू शकत नाही. त्यांची एस. टी. लागली होती. पिशवी उचलून ते गर्दीत शिरले. आत जाऊन खिडकीपाशी बसले आणि गाडी सुटेपर्यंत समोर, ड्रायव्हरच्या पाठीकडं बघत राहिले.